ठरवीनबी

माझ्या नणंदेला कुठलाही प्रश्न विचारा, ती आधी मान तिरकी करून विचारणाऱ्याकडे बघायची आणि मग म्हणायची, "ठरवीन." चहा घेणार का, इथपासून कुठली ओढणी घालणार, इथपर्यंत. नाव झुबेदा, पण आमच्या ह्यांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिला 'ठरवीनबी' करून टाकलं होतं. ती चिडत नसे. चिडायचं की नाही, हेही बहुधा तिचं ठरलेलं नसावं.

लग्न होऊन मी कुवेतला आले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती सुट्टीसाठी मुंबईहून बोटीने आली. साठ-बासष्टचा काळ असेल. सासरे, म्हणजे अब्बा, तेल कंपनीच्या गोदामात कामाला होते. मंगफ नावाच्या गावात, समुद्राजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. अब्बांनी तिला डॉक्टर करायचं म्हणून मुंबईच्या सायन्स कॉलेजात घातलं होतं, आणि कुवेतमधल्या झाडून सगळ्या गाववाल्यांना तसं सांगूनही ठेवलं होतं.

तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच. कापडाच्या दुकानात ती एकेक ठाण उलगडायला लावायची, दारातल्या उजेडात नेऊन बघायची आणि रिकाम्या हाताने बाहेर यायची. दुकानदार आमच्याच भागातला. तो मला म्हणायचा, "भाबी, हिला पुढच्या वेळी घरीच ठेवा." पुढच्या आठवड्यात ती सरळ आत जाऊन एका ठाणावर बोट ठेवायची. तसा घेतलेला एक कुर्ता मी पुढे कितीतरी वर्षं तिच्या अंगावर पाहिला.

आल्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारी जेवताना ती म्हणाली, "अब्बा, मी त्या कॉलेजात परत जाणार नाही. पुण्याला नाव घालते. आर्ट्सला."

अब्बांचा घास हातातच राहिला. "आर्ट्सला जाऊन घेणार काय?"

"ठरवीन. तिथे आधी सगळे विषय शिकवतात. स्पेशल विषय नंतर घ्यायचा असतो."

"म्हणजे हातातलं सोडायचं हे ठरलं, आणि धरायचं काय, ते ठरलं नाही?"

"हो."

इतका सरळ 'हो' मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. अब्बा ताटावरून उठले.

त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनात. घर दोन खोल्यांचं, बापलेक समोरासमोर बसलेले, आणि निरोप माझ्यामार्फत. "तिला सांग, तिच्यासाठी आलेलं बहरैनवाल्यांचं स्थळ अजून थांबलंय. बोट सुटायच्या आत विषयाचं नाव सांगितलं नाही, तर मी होकार कळवतो." कॉलेज बदलायचं तर दाखल्यासाठी वडिलांचं संमतीचं पत्र लागणार होतं, त्यामुळे तिचं सगळंच त्यांच्या हातात होतं.

मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "अगो, एक नाव सांगून टाक ना. इतिहास म्हण, काहीही म्हण."

ती तांदूळ निवडत होती. "भाबी, खोटं नाव सांगितलं तर मग वर्षानुवर्षं तेच खोटं शिकावं लागेल गो." बोलता बोलता तिने निवडलेले तांदूळ पुन्हा न निवडलेल्यांत मिसळले. ही कुणाला भीत नाही असं सगळे म्हणायचे. ते खरं नव्हतं.

बोटीची तारीख जवळ आली आणि तूझ उठलं. वाळूच्या वादळाला तिथे तूझ म्हणतात; भरदुपारी दिवा लावावा लागतो. मला आठवा महिना सरत आला होता, आणि अचानक कळा सुरू झाल्या. हे कामासाठी दूर जहऱ्याला गेलेले. अब्बा दारापाशी उभे राहून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तो येईपर्यंत थांबू. एवढ्या धुळीत जायचं कुठे?" झुबेदाने तोंडाला ओढणी गुंडाळली, रस्त्यावर गेली आणि हात आडवे करून गोड्या पाण्याचा टँकर थांबवला. ड्रायव्हर ओरडायला लागला. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत तिने त्याला गप्प केलं आणि मला वर चढवलं. इस्पितळ येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. "माझ्याकडे बघ भाबी. बाहेर नको बघू." संध्याकाळी मला मुलगी झाली. एवढीशी, पण रडली.

दुसऱ्या दिवशी अब्बा इस्पितळात आले. चेहरा उजळलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले. "आता तरी कळलं? तू डॉक्टरच व्हायचंस. अल्लाने दाखवून दिलं."

मला वाटलं, आता ही हो म्हणणार. म्हणाली असती तर सगळेच सुटलो असतो.

"अब्बा, भाबीसाठी मी पुन्हा धावेन," ती म्हणाली. "पण रोज हेच करायचं म्हटलं की माझं मन मागे सरतं. नाही जमणार."

"मग करायचंय काय?"

"अजून माहीत नाही."

"ठीक आहे. आजच बहरैनला कळवतो."

सासऱ्यांपुढे मी तोवर मान हलवण्यापलीकडे काही बोलले नव्हते. पण तेव्हा उठून बसले आणि तोंडातून निघून गेलं, "अब्बा, माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. हिला तुम्ही विचारलंत. मग उत्तर यायला वेळ तरी द्या."

हे रात्री जहऱ्याहून परतले होते, माझ्या उशाशी उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. अब्बा निघून गेले. झुबेदा नुसतं "भाबी" म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

बहरैनला काय कळवलं, ते अब्बांनी आम्हाला सांगितलं नाही. मी बाळाला घेऊन घरी आले, त्या दिवशी त्यांनी सही केलेलं पत्र तिच्यापुढे ठेवलं. "एक वर्ष. त्यापुढे मी ऐकणार नाही."

वर्षाची मुदत तिने पाळली नाही. आधी अर्थशास्त्र घेतलं, ते सोडलं, मग मानसशास्त्राशी थांबली. अब्बांनी तेही ऐकून घेतलं. पुढे सांगलीकडे मुलींच्या कॉलेजात ती निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. लग्न उशिरा केलं, माणूस स्वतः पाहून केलं. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

तिची आठवण आली की मला ती बोट सुटली तो दिवस आठवतो. अब्बा तिला सोडून बंदरावरून परतले. मी त्यांच्यापुढे ताट ठेवून वळले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली.

"हलीमा, तुला शिकायचं होतं का गो?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"सावकाश सांग," ते म्हणाले, आणि जेवू लागले.