एकाहत्तर दिवस कोणाचे?

दारू सोडलेल्या माणसाने तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की "प्यायलो नाही," तर तुम्ही विश्वास ठेवाल का? पटकन हो म्हणू नका. त्याचे डोळे लाल झालेत, चेहरा तापलाय, पाय लटपटतायत आणि कपड्यांना वास येतोय. आता सांगा.

हा माणूस पॉलिशवाला होता. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचा. थरावर थर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्याने हात फिरवलेल्या टेबलावर वाकलं की आपलंच तोंड दिसायचं, म्हणून सगळे त्याला आरसा म्हणत. वीस वर्षं आरसा प्यायला. सुरुवातीला बाटलीतली, शेवटी शेवटी हाताला लागेल ती. एकदा तर कामाच्या डब्यातलं स्पिरिटच तोंडाला लावलं. दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी होती. बायको समोर बसलेली आणि तिचं तोंड दिसेना. तेव्हा मात्र त्याची तंतरली आणि तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला.

त्या खोलीत दर गुरुवारी दारू सोडलेली माणसं जमत. त्यांचे म्होरके ड्रायव्हरकाका, बसवरून निवृत्त झालेले, चौदा वर्षं कोरडे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आधी धंदा बदल. वॉचमन हो, भिंती रंगव, काहीही कर, पण स्पिरिटच्या वासात बसू नकोस.

आरशाने मान हलवली आणि ऐकलं नाही. या हातांना दुसरं काही येत नाही, तो म्हणाला, आणि पळून सोडली तर जन्मभर पळतच राहीन. त्याने स्वतःची रीत काढली. रोज सकाळी डब्याचं झाकण उघडायचं, छाती भरून वास घ्यायचा, "आज नाही," असं मोठ्याने म्हणायचं आणि मग कामाला लागायचं. यावर त्या खोलीत दोन गुरुवार नुसती जुंपली. काहींना ती मर्दुमकी वाटली, काहींना निव्वळ येडेपणा. एक गॅरेजवाला म्हणाला, "हा गडी वाघाच्या गुहेत दात घासायला जातो." सगळे हसले. आरसाही हसला. तरीही दिवस जात राहिले. दहा, वीस, तीस.

घरी बायकोचा जीव टांगणीला लागलेला होता. तीस दिवस याआधीही दोनदा झाले होते आणि एकतिसाव्याला माणूस गटारात सापडला होता. तिची थोरली बहीण एका दवाखान्यात आया होती. ती म्हणाली की बैठकीत गप्पा छाटून कुणाची सुटली नाही, आणि पिशवीतून गोळ्या काढल्या. ही गोळी पोटात असली आणि माणूस दारूला शिवला की त्याचं अंगच त्याला झोडपून काढतं, दोनदा मार खाल्ला की तो आपणहून सोडतो. पाकिटातल्या गोळ्या तिने बटणांच्या डबीत काढल्या. बारीक अक्षरांचा कागद चुरगाळून केराच्या टोपलीत टाकला.

"आणि हे बघ, नवऱ्याला सांगायचं नाही. सांगितलंस तर थुंकेल. चहात घाल."

बायकोने भीत भीत विचारलं की त्यांचं कामच स्पिरिटचं आहे, त्याचं काय? बहीण म्हणाली, पोटात जाईल तेव्हा बघू. नाक हीसुद्धा अंगात जायची वाट असते, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

काही आठवडे काही झालं नाही. आरसा उघड्या अंगणात दरवाजे पॉलिश करत होता, वारं खेळतं होतं. नाही म्हणायला डोकं जड व्हायचं, ते त्याने दारू सुटल्याच्या खात्यावर टाकलं. मग एका जुन्या कचेरीच्या सभागृहाचं काम मिळालं. चोवीस खुर्च्या आणि हातभर रुंदीच्या फळ्यांचं लांबलचक टेबल. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की सगळी मेहनत मातीत, म्हणून असल्या कामात खिडक्या घट्ट लावून घेतात. त्यानेही लावल्या. फटींत चिंध्या कोंबल्या.

पहिल्याच संध्याकाळी तो लालबुंद होऊन घरी आला. छाती धडधडत होती. मोरीत जाऊन ओकला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"किती घेतली?" तिने विचारलं.

"घेतली नाही गं."

"तुमचं अंगच सांगतंय."

हे ती इतक्या ठामपणे कशाच्या जिवावर बोलते, ते त्याला कळेना. तिने वास घेतला नव्हता, खिसे तपासले नव्हते, कुणाला विचारलंही नव्हतं. निकाल आधीच लागलेला होता. बहिणीला कळवल्यावर ती म्हणाली, बघ, गोळी बोलली. आता एकाची दीड कर.

तिने दीड केली.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या कामात त्याचे हात थरथरायला लागले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. तो ओट्यावर बसून बाहेरची हवा प्यायला, बरं वाटलं, परत आत गेला. असं चार दिवस चाललं. तो कुणावर चिडला नाही. तो स्वतःलाच घाबरला. आपण पितो आणि विसरतो की काय? गुरुवारी त्याने हे बैठकीत सांगितलं. काकांनी जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला, पण अंगावरच्या स्पिरिटपुढे दुसरं काही कळणं शक्यच नव्हतं. म्हणाले, "तू खरं बोलतोयस असं मला वाटतं. पण चौदा वर्षांपूर्वी मीही असंच झकास खरं बोलायचो."

त्या खोलीत त्या दिवशी कुणी हसलं नाही.

एकाहत्तराव्या दिवशी शेवटचा थर होता. दुपारी सुतार खुर्ची न्यायला आत आला तर आरसा टेबलाखाली पडलेला, ओठ निळे. त्याला दवाखान्यात आणलं. नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टरांनी एकदा वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. फार पीत असावा. कुठलं औषध चालू आहे का, त्यांनी विचारलं. आरशाने कशीबशी मान हलवली. नाही.

तोवर बायको धापा टाकत पोचली होती. बहीण कामाला होती तोच हा दवाखाना. तिने बायकोचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. कानाशी म्हणाली की गप्प बस, माझी नोकरी जाईल, सलाईनने उतरेल. डॉक्टरांनी परत विचारलं. खाटेवरच्या माणसाचे डोळे वर जायला लागले होते.

"मी घालते," बायको म्हणाली. "चहातून. त्यांना माहीत नाही."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, ते बहिणीला सांगावंच लागलं, मग धंदा विचारला, आणि नर्सला हाक मारून धावाधाव सुरू केली. तो वाचला. थोडक्यात वाचला. पण ते वाक्य त्याने ऐकलं होतं.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर त्याने बायकोला एवढंच विचारलं, "ते दिवस माझे होते की तुझ्या गोळीचे?"

 उत्तर ड्रायव्हरकाकांकडे होतं. पहिल्या तीस दिवसांत गोळीच नव्हती, त्यांनी समजावलं, आणि पुढे जी पोटात आहे हेच ठाऊक नाही, तिच्या धाकाने माणूस थांबेल कसा? दिवस सगळे तुझेच रे. आरशाने ऐकून घेतलं. पण हिशोब पटला आणि मन मानेना, असा त्याचा चेहरा. वीस वर्षं त्याने घराला फसवलं होतं. घराने त्याला चाळीसच दिवस फसवलं. तरी तराजू सरळ होईना.

बहिणीची नोकरी गेली. आरसा अजून पॉलिशच करतो, खिडक्या सताड उघड्या ठेवून, मग धुळीचे कण बसले तरी बसोत. दारूला शिवलेला नाही. पण जेवायला बसला की ताट बायकोकडे सरकवतो आणि पहिला घास तिला खायला लावतो. ती निमूटपणे खाते. तो तिच्या घशाकडे बघत राहतो, घास उतरेपर्यंत. मग ताट आपल्याकडे ओढतो. किती दिवस चालणार हे, दोघांनाही माहीत नाही. आणि अशा घरात माणूस एखाद दिवशी परत बाटलीकडे वळला, तर सगळे म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

तुमच्या घरात कुणाच्या खाण्यापिण्यात त्याला न सांगता काही पडत असेल, मग ते कितीही मायेने पडत असो, तर आजच त्याच्यासमोर बसा, त्याला सांगा, आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.