बाळंतिणीची मोरी

मढच्या खडकावर उभं राहून मी सहा फुटी शार्क काढलाय. होडी नाही, जाळं नाही, नुसत्या हातदोराने. हे सांगितलं की चाळीतले लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे, आणि मग एखादा दीडशहाणा म्हणायचा, "अरे, दिवाळीत तर पाच फुटी होता ना?" होता. मेलेला मासा वाढत नाही म्हणतात. माझे वाढतात. चांगलं खायला घालतो त्यांना.

माझ्या या धंद्यात एकच माणूस खोडा घालायचा, आमचे वडील. मी हात पसरून कुठलाही मासा दाखवू लागलो की कोपऱ्यातून त्यांचा आवाज यायचा, "वीतभर. शेपटी धरून." बस्स. गोष्टीची हवा फुस्स. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस घरात असणं म्हणजे काय छळ असतो ते तुम्हाला नाही कळायचं.

वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही आणि ते विक्रोळीच्या आमच्या खोलीत कॉटवर येऊन बसले ते बसलेच. मी कंपनीत जात होतो, त्यामुळे चूल पेटत होती. थोरला भाऊ ऑफिसात साहेब. मुलुंडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, वर पंखा, खाली मोझॅक. त्या इमारतीत मांसमच्छी चालत नसे. जागा मिळावी म्हणून भावाने घरमालकाला सांगितलं होतं, "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या माळ आहे." पिढ्यान् पिढ्या! आमच्या मालवणच्या घरात तुळशीला पाणीसुद्धा बांगडे धुतलेल्या हातानेच पडत आलं. आणि म्हणे थापाड्या मी.

भावाला मुलगा झाला. वहिनीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण मुलुंडलाच झालं. आमची आई बारशाला जाऊन आली. वडील गेले नाहीत. नातवाचं तोंड पहिल्यांदा बघायचं ते रिकाम्या हाताने नाही, असं त्यांचं म्हणणं. वाळे, दुपटं, काहीतरी हवं. "मी घेतो, तुम्ही द्या," असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही. आई मात्र रोज एकच पाढा म्हणायची, "तिका दूध पुरत नाय रे. पोर डब्याच्या दुधार हा."

पाऊस सरला, समुद्र निवळला, आणि आम्ही बापलेक रविवारी गरवायला जाऊ लागलो. वर्सोव्यापर्यंत बस, मग खाडीपार नेणारी तर, मग मढच्या खडकांवर. हातात लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गरी, गरीला बांगड्याचा तुकडा. मिळायचं काय, तर शेंगटी. नशीब फळफळलं तर एखादी तांबोशी.

त्या रविवारी दोर वडिलांच्या हातात होता. (मी काढला म्हणालो ना? शेपटी मीच धरली होती. शेपटीशिवाय मासा बाहेर येतो का?) दोर असा खेचला गेला की वडील खडकावर बसल्या जागी वीतभर पुढे सरकले. मी ओरडलो, "खडकात अडकली!"

"खडक पळता काय रे मेल्या?"

मग जे झालं ते मी सांगायला लागलो तर तुम्हाला आजचं जेवण चुकेल. दोरीने वडिलांच्या तळव्याची सालटं काढली. मी त्यांची कंबर धरली. ते मला शिकवत होते, "ओढू नको, ढिली सोड... आता घे... सोड!" इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याशी इतके शब्द वापरले नव्हते. शेवटी लाटेबरोबर करडी पाठ वर आली, तिच्यावर तो त्रिकोणी पर. गरी जबड्याच्या कोपऱ्यात रुतली होती म्हणून, नाहीतर त्या दातांनी तंगूस कधीच कापली असती. मी पाण्यात उतरून शेपटी धरली. कातडी अशी खरखरीत की सुताराचा काचकागद परवडला.

वडील तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम लहान पोरासारखे हसले.

"मोरी हा," म्हणाले. "बाळंतिणीक मोरी."

शार्कला आमच्याकडे मोरी म्हणतात, आणि मोरीच्या तिखल्याने, त्या झणझणीत कालवणाने, बाळंतिणीला दूध येतं हे कोकणात कुठलीही म्हातारी सांगेल. सोन्याच्या वाळ्यांना मागे सारील अशी वस्तू समुद्राने त्यांच्या हातात दिली होती. तीही नेमकी तेव्हा.

मी म्हटलं, "इथेच कापून घेऊ. चार तुकडे डब्यात घालू, कोणाला पत्ता लागणार नाही."

"बाळंतिणीची मोरी कापून नेतत नाय. अख्खी नेऊची. तिच्या चुलीकडे कापूची." आमच्या वाडीतली ती रीत. वाडीत घर बैठं आणि शेजारीपाजारी सगळे मासे खाणारे, तिथे ती ठीक. मुलुंडला तिसरा मजला होता. हे मी बोललो नाही. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं होतं?

मोरी ओल्या गोणपाटात गुंडाळली. दोन्हीकडून तोंड आणि शेपटी बाहेर. अंधेरीला कंडक्टर म्हणाला, "काका, मयताला बस नाही."

"मयत नाय, भाजी हा," वडील म्हणाले. चक्क विनोद! अर्धी बस हसली. दोन बसा बदलून मुलुंडला पोचेपर्यंत आमच्या आजूबाजूची बाकडी रिकामी झाली होती. असा ऐसपैस प्रवास मी पुन्हा केला नाही.

इमारतीच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर एक दार उघडलं आणि धाडकन बंद झालं. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर भावानेच दार उघडलं. त्याने आधी आमच्या मागे जिन्यात बघितलं, मग गोणपाटाकडे, मग आमच्याकडे. त्याच क्रमाने.

"आत या. लवकर. बाबा, हे काय?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी आली, केस मोकळे, चेहरा ओढलेला. तिला वासच आधी आला असणार.

"बाबा, मोरी?" ती म्हणाली. तिच्या तोंडून महिन्यांनी मालवणी आली असेल. "खय गावली?"

"मढाक. तुझ्यासाठी."

तिने गोणपाटावर हात ठेवला. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "तू आत जा."

ती गेली.

वडिलांनी विचारलं, "नातू खय? बघतंय."

"आधी हात धुवा, बाबा." त्यांनी धुतले. भावाने हातांचा वास घेतला. खरंच घेतला, मी बघत होतो. "अजून येतोय. साबण लावा." सोललेल्या तळव्यांना त्यांनी साबण लावला. पुन्हा धुतले. पुन्हा. शेवटी भाऊ म्हणाला, "राहू दे. पोराला लगेच काहीतरी होतं. पुढच्या वेळी घ्या." मग दाराच्या चौकटीतून, लांबून, दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं त्यांना दाखवण्यात आलं. चहा झाला नाही. शेजारी येतील म्हणे.

"मोरी ठेवा, मी बघतो," भाऊ दारात म्हणाला.

रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर आम्ही उभे होतो. बस येईना. तेवढ्यात इमारतीच्या मागच्या गल्लीतून भाऊ बाहेर आला, नाकाला रुमाल, हातात गोणपाट. इकडेतिकडे बघत नाल्यापर्यंत गेला. गोणपाट टाकलं आणि हात झटकत पळाला. साहेब पळताना फार वाईट दिसतात. दोन कुत्री आली. मग आणखी.

मी रस्ता ओलांडायला निघालो होतो. भावाच्या श्रीमुखात भडकवायचीच होती. वडिलांनी मनगट धरलं. त्यांचा तळवा ओला लागला.

"बस येता हा," म्हणाले. बस येत नव्हती.

चाळीत आई दारातच उभी. शेजारणीही गोळा झालेल्या. बातमी आमच्याआधी पोचली होती. मढला जाणारा आमच्या चाळीतला एक पोऱ्या तरीवर भेटला होता.

"काय केल्यान तिचा?" आईने विचारलं.

मी तोंड उघडलं. आयुष्यभर थापा मारल्या, आणि त्या घडीला एक सापडेना. वडील पायातल्या वहाणा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तिखला. चाटून पुसून खाल्ल्यान."

"आणि पोराक घेतलास?"

"घेतलंय."

आईने डोळ्यांना पदर लावला. पुढच्या शनिवारी तिने स्वतःच बांगडा आणून आमच्या पिशवीत ठेवला. "जावा परत. तिका आवडला तर आणखी एक गावता काय बघा."

आम्ही गेलो. वडील त्याच खडकावर बसले. तंगूस सोडली, शिसं डुबकन बुडालं. बांगडा पिशवीतच होता. गरी रिकामी होती. मी पाहिलं, त्यांनीही मला पाहताना पाहिलं. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. येताना त्यांनी बांगडा पाण्यात सोडून दिला.

घरी आई वाटच बघत होती. वडील सरळ कॉटकडे गेले. मग मी हात पसरले, जेवढे पसरतात तेवढे, आणि म्हटलं, "लागली होती गं! सहा फुटी! तंगूस तोडून गेली."

आणि सवयीने थांबलो, कोपऱ्यातून 'वीतभर' येईल म्हणून.

वडील कॉटवर बसले होते, तळवे मांडीवर पालथे घालून. "सहा तरी होतीच," म्हणाले.