न वाजणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात पिठाची गिरणी चालू आहे, ही बातमी मला पुण्याच्या एका बाईंनी फोनवरून दिली. मी खुर्चीतून उडालोच.

"मॅडम, वाचन छान आहे हो तुमचं," त्या माझ्या बायकोला सांगत होत्या. फोन स्पीकरवर होता, कारण खासगी फोन हा प्रकारच आमच्याकडे नाही. "पण मागे गिरणी चालू होती का? सलग घरघर येतेय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

आता, आमच्या गल्लीत आवाज असणं ही धक्का बसण्यासारखी गोष्ट नाही. ही सोलापूरची यंत्रमागांची गल्ली. खाली माग, वर माणसं. सकाळी खटखट सुरू होते ती टॉवेलांचे गठ्ठे बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. मी मूळचा मंद्रूपचा. लग्नानंतर आईला घेऊन सासऱ्यांच्या कारखान्याच्या माडीवर राहायला आलो, तेव्हा पहिल्या रात्री मला वाटलं, घरावरून मालगाडी चालली आहे, आणि ती संपतच नाही. आता ती ऐकूच येत नाही. पण बायकोने पुण्याला पाठवलेला वाचनाचा नमुना आम्ही मुद्दाम सुट्टीच्या दिवशी घेतला होता. त्या दिवशी सगळे माग बंद असतात आणि गल्ली इतकी शांत होते की समोरच्या घरात कुणी लसूण सोलला तरी कळतं. मग घरघर कसली?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी घरातला एकेक आवाज बंद करत गेलो. छताचा पंखा बंद. कूलर बंद. फ्रीजचं बटण बंद. आईचा टीव्ही बंद, तोही तिच्या तोंडून काही निवडक शब्द ऐकून. आणि तरीही टेबलाखालून आवाज येत होता. घर्रर्रर्र. मी ओणवा झालो, कान लावला आणि हादरलो. माझा लाडका कॉम्प्युटर! इतकी वर्षं बिचारा टेबलाखाली बोंबलत होता आणि मागांच्या आडोशाने आम्हाला पत्ताच नव्हता. बँडच्या मागे चालणारा माणूस कितीही बेसूर गायला तरी कुणाला कळतं?

मला हसू आलं. बायकोला आलं नाही.

ती याच गल्लीत जन्मली. माहेरी तेलुगू बोलतात, आणि तिने आयुष्यभर मराठी शिकवलं. शाळेतले मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले आणि ती घरी बसली. पूर्वी संध्याकाळी भाजी निवडताना ती आईला पेपर मोठ्याने वाचून दाखवायची. अग्रलेखसुद्धा असा वाचायची की आई विचारायची, "मग फुडं काय झालं?" घरी बसल्यापासून ते बंद पडलं. पेपर घडीतच राहायला लागला. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला माणसं हवीत, अशी जाहिरात तिने पाहिली आणि कुणालाही न विचारता नमुना पाठवला, तेव्हा मी मनातल्या मनात उडी मारली होती.

"आणखी एक नमुना पाठवा," पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या. "पण याच महिन्यात. पुढच्या महिन्यात पुस्तकं वाटून टाकणार आहोत."

"राहू द्या," फोन ठेवून बायको म्हणाली होती. "आपलं घर काही त्यासाठी नाही."

त्या 'राहू द्या'ने मला घरघरीपेक्षा जास्त धक्का बसला. मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "हा कॉम्प्युटर मुका होईल!"

"आदी तू हो," आई म्हणाली.

सोलापुरात कुठल्याही प्रश्नावर पहिलं उत्तर चादर. थंडी वाजली, चादर. पाहुणा आला, चादर. सत्कार केला, चादर. मीही तेच केलं. लाकडी पेटी आणली, तिला आतून सगळीकडून जाडजूड चादरी ठोकल्या आणि कॉम्प्युटर आत बसवला. मागे तारांपुरतं भोक. झाकण लावल्याबरोबर घरघर दबली, लांबच्या भुंग्याएवढी उरली. मी स्वतःवर फिदा झालो.

आई दारात उभी राहून बघत होती. "आरं, त्यो तापतोय म्हनून पंखा फिरतोय न्हवं? आनि त्याला चादर पांघरतूस? ताप आलेल्या पोराला बी आता कुनी पांघरून घालत न्हाय."

"आई, हे शास्त्र आहे."

"व्हय, दिसतंय की."

पुढच्या सुट्टीला माग बंद, दिवस उन्हाळ्याचे, आणि आवाज नको म्हणून छताचा पंखाही बंद. बायको माइकपुढे बसून कपाळ पुसत वाचत होती. दोन पानं छान झाली. तिसऱ्या पानावर ती थबकली. मी कान टवकारले. पूर्ण शांतता! आनंदाने मी तिच्या कानात कुजबुजलो, "ऐकलंस? अजिबात आवाज नाही!"

"अहो," ती म्हणाली, "तो मेलाय."

पडदा काळा होता. मी झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. जीव वाचवायला कॉम्प्युटर आपला आपण बंद पडला होता. त्याला खोलून पाहिलं आणि मी मटकन खालीच बसलो. आतल्या पंख्यावर, जाळीवर, पट्ट्यांवर रंगीत कापसाचा थर. खालच्या मागांवरून उडालेली रुई वर्षानुवर्षं आत ओढली जाऊन दाबून बसली होती. लाल, पिवळी, निळी. आमच्या कॉम्प्युटरने चोरून अख्खा टॉवेल विणला होता!

म्हणजे बिचारा ओरडत होता तो श्वास कोंडल्यामुळे. मी रुई काढली, ब्रशने झाडलं. ओरडणं कमी झालं, पण घरघर राहिलीच. आतली जुनी डिस्क गरगरायची, छोटे पंखे किंचाळायचे. नवा बांधायचा ठरलं.

दुकानदार तरुण आणि उत्साही होता. त्याने माझ्यापुढे रंगीत दिव्यांचे पंखे मांडले. दुकानात गणपतीच बसवल्यासारखं वाटलं.

"काका, गेमिंगला पाहिजे का?"

"मला न वाजणारा पाहिजे."

"न वाजणारा?" तो विचारात पडला. "मग बंदच ठेवा की, काका."

शेवटी मीच वाचून वाचून गणित जुळवलं. गणित सोपं होतं, फक्त माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं. आवाज दाबायचा नसतो, तो होऊच द्यायचा नसतो. कमी तापणारा प्रोसेसर घ्यायचा. गरगरणारी डिस्क नको, आत काहीही न फिरणारी घ्यायची. छोटा पंखा जोरात पळतो म्हणून किंचाळतो. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढाच वारा देतो आणि हूं की चूं करत नाही. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याच्या नळ्यांचा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एवढा मोठा मनोरा बसवायचा, की उष्णतेला पसरायला जागा मिळेल. खालून पुढून हवा आत, वरून मागून बाहेर. आणि हवा आत येते तिथे बारीक जाळी, जी आमच्या गल्लीत दर आठवड्याला काढून धुवायची.

हे सगळं मी जेवणाच्या ताटांच्या जागी वर्तमानपत्र पसरून बांधलं. प्रोसेसर आणि मनोरा यांच्यामध्ये एक पांढरा लेप लावतात, उष्णता नीट वर चढावी म्हणून. मी डाळीएवढा ठिपका सोडला. आई खुर्ची ओढून जवळच बसली होती.

"चुना लावतूस व्हय? मग कात कुटं हाय?"

"आई, हे पान नाही."

"मग एवढा वेळ काय लावतूस? पान असतं तर खाऊन झालं असतं."

सुट्टीचा दिवस उजाडला. महिन्यातला शेवटचा. मी सगळं बंद केलं, नाटकातल्यासारखा घसा खाकरला आणि बटण दाबलं.

काहीही झालं नाही.

ना घरघर, ना हुंकार. मी टेबलाखाली शिरलो, कॉम्प्युटरला कान लावला. आत मढ्यासारखी शांतता.

"मेला का काय ह्यो बी?" आई म्हणाली.

"अहो," बायको वरून म्हणाली, "पडदा लागलाय."

तो चालू होता! मोठा पंखा इतक्या सावकाश फिरत होता की मला त्याची पाती मोजता आली. मी टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटलं आणि तो आवाज खोलीतला सर्वांत मोठा आवाज ठरला. मी आईला आतल्या खोलीत बसवलं, बायकोच्या कानांवर तिचाच आवाज ऐकवणारा हेडफोन चढवला, खूण केली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आता फक्त तिचा आवाज.

तिने पहिलं वाक्य वाचलं. थांबली. पुन्हा वाचलं, घाईघाईने. आवंढा गिळला. दुसऱ्या वाक्यावर अडखळली. बांगड्या किणकिणल्या, तिने त्या वर सरकवल्या. तिसऱ्यांदा सुरुवात केली तर आवाज कापत होता. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. वर्गभर मुलांना गप्प करणारी ही बाई पहिलीतल्या पोरीसारखी वाचत होती.

तिने हेडफोन काढला. चेहरा पांढरा पडला होता.

"मला माझा घसा ऐकू येतोय," ती म्हणाली. "जीभ ऐकू येतेय. बाकी काहीच नाही. नाही जमणार मला. राहू द्या."

मी आयुष्यात इतका गार पडलो नव्हतो, आणि तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात. घरघर असताना ती वाचू शकत होती. मी घरघर काढली आणि तिचं वाचनच गेलं! तो दिवस फुकट गेला. पुढच्या सुट्टीआधीच महिना संपणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. मी सुतकी तोंडाने चहा पीत होतो. आतल्या खोलीत आईचा चष्मा सापडत नव्हता आणि तिला तिच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर काय लिहिलंय ते हवं होतं. बायको वाचून दाखवत होती. गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, एवढंच. पण काय वाचत होती! खालून खट खट खट खट, आणि त्यावर तिचा आवाज, सावकाश, खणखणीत, तबल्यावर गाणं बसावं तसा. मी या गल्लीत आलो तेव्हापासून मागांच्या वरून ओरडत बोलतो. आईही ओरडते. आम्ही बाहेरचे. इथे जन्मलेली माणसं ओरडत नाहीत. ती मागांच्या ठेक्यात शब्द सोडतात आणि ते तुमच्या कानापर्यंत नीट चालत येतात. पाळण्यात असल्यापासून तिच्या कानात तो ठेका होता. शाळाही याच गल्लीच्या टोकाला. तिने शांततेत एक धडाही शिकवला नव्हता!

मी कप ठेवला आणि फोन घेऊन गॅलरीत धावलो. कठड्यावरून हात खाली लोंबकळवून उभा राहिलो. खालून मागावरचा कामगार वर बघायला लागला.

"काय ओ काका, फोटो काढताय का?"

"आवाज भरून घेतोय!" मी ओरडलो.

"मग सगळाच घेऊन जावा की!"

पुण्याच्या बाईंना मीच फोन केला. थोडं नाटक केलं, खोटं नाही. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या, पण त्यापुढे एक दिवसही नाही.

तो दिवस आला. गल्ली बंद, पंखा बंद, आई आतल्या खोलीत. बायको खुर्चीत अशी बसली होती, जणू मी तिला दाढ काढायला आणलंय. तिच्या कानांवर मी हेडफोन चढवला आणि कॉम्प्युटरवर हळूच माग सुरू केले.

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. पाय नकळत ठेका धरू लागला. तिने तोंड उघडलं.

माइकला माग ऐकू येत नव्हते, मलाही नाही. मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याखाली, देवाशपथ, काहीही नाही. जो आवाज घालवायला मी अख्खा उन्हाळा घामाने न्हालो, तोच आता माझ्या न वाजणाऱ्या कॉम्प्युटरमधून तिच्या कानात खटखटत होता. पान संपलं, दुसरं संपलं. शेवटचं वाक्य तिने असं खाली ठेवलं, जसं काचेचं भांडं ठेवावं. मी श्वास सोडणार, इतक्यात ती कानात माग वाजत असलेल्या माणसासारखी सगळ्या जोराने ओरडली,

"अहो! झालं! चहा टाका!"

मी भिंतीवरून घसरलो. आतून आईचा आवाज आला, "आगं बया! आग लागली का काय?"

ते वाक्य मला कापता आलं असतं. कापलं नाही. का, ते विचारू नका.

उत्तर आलं तेही सुट्टीच्याच दिवशी. ती भाजी निवडत होती, मी धुतलेली जाळी कॉम्प्युटरला बसवत होतो. तिने ओले हात पदराला पुसले आणि फोन उचलून मोठ्याने वाचायला लागली:

"मॅडम, आवाज पसंत आहे. खोलीची शांतता तर फारच छान. पहिलं पुस्तक पाठवत आहोत. चहाचं वाक्य मूळ पुस्तकात नाही, तेवढं काढून टाका. आमच्या ऑफिसात ते सगळ्यांनी ऐकलं."

"मग फुडं काय झालं?" आईने विचारलं.

बायकोने तो निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला, सावकाश, खणखणीत. माग बंद होते. हेडफोन टेबलावर पडला होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मी जाळी हातात धरून टेबलाखाली अजिबात आवाज न करता बसून राहिलो.