धाबळीची पट्टी

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. ती गेली. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतली बरीचशी माणसं गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जड जाणार नाही असं वाटलं होतं. जातं. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा भाजी निवडायची म्हणून उठले. भाजी निवडून झालेली होती.

माझं शिक्षण फार नाही. कल्याणात मुलींची शाळा निघाली तेव्हा मराठी चार पुस्तकं झाली. मग लग्न, मग हे गेले, मग विधवेचं लाल आलवण. सासरी राबण्यापेक्षा चार अक्षरं शिकवीन म्हणून ठाण्याला आले. तिथे मुंबईच्या एका शेटजींनी बहिऱ्या-मुक्या मुलांसाठी शाळा काढली होती. शाळा म्हणजे भाड्याचं घर, पुढे ओटी, मागे पडवी. लांबची मुलं पडवीत राहत. ब्राह्मणांची मुलं वेगळी जेवत, बाकीची वेगळी. पण शेटजींची अट होती, मूल कुणाचंही असो, घ्यायचं.

आम्हांला शिकवायला पहिल्यांदा मुंबईहून एक मडम आली. आमचं मराठी तिला येत नव्हतं आणि तिची भाषा आम्हांला, तरी तिनं शिकवलं ते पक्कं बसलं. बहिऱ्याला आवाज ऐकू येत नाही, पण हाताला लागतो. शिकवणारीनं मुलाचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि ‘आ’ म्हणायचं. गळा थरथरतो. मग त्याचाच हात त्याच्या गळ्यावर ठेवायचा — तुझ्या गळ्यात तसं कर. मूल करून बघतं, चुकतं, पुन्हा तुमच्या गळ्याला हात लावतं. दिवसातून किती वेळा, मोजायची सोय नाही. माझा हात त्या मडमेनं धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. घरी गेल्यावर मी डोक्यावरून पाणी घेतलं.

मडम परत गेली आणि शाळा माझ्या हाती आली. हाताखाली मास्तरणी आल्या, त्यांना तयार करायचं काम माझं. ते काम मी चांगलं केलं — आता खोटा विनय कशाला? मुलं जेवायला गेली की मास्तरणींना ओटीवर बसवायची. एकीच्या कानांत कापसाचे बोळे घालायचे, ती मूल. दुसरी शिकवणार. ‘प’ म्हणताना तळहातावरचा कापूस उडाला पाहिजे. ‘म’ म्हणताना नाकाशी धरलेल्या बोटाला लागलं पाहिजे. चुकलं की मी मागून म्हणायची, “कापूस हलला नाही, तू फक्त तोंड वेंगाडलंस.” रडायच्या बिचाऱ्या. पण शिकल्या. पुढे कल्याणला अशीच लहानशी शाळा निघाली तेव्हा तिथल्या बायका माझ्याकडे शिकायला आल्या. सगुणाकाकूंच्या हाताखालून निघालेली, असं म्हटलं की पुढे विचारत नसत.

आता पट्टीचं सांगते. इथेच मी दोनदा उठले होते.

ब्राह्मणाच्या मुलीचा हात माझ्या गळ्याला लागला तर मला चाले. आगऱ्याच्या, कोळ्याच्या, कुणब्याच्या मुलाचा लागला तर? त्याच हाताला त्याची लाळ लागलेली, त्यानं मासळी खाल्लेली. दिवसभर ओवळ्यात राहायचं? मी माझ्याकडची जुनी धाबळी फाडली — सोवळ्यात नेसतात ती लोकरीची धाबळी. लोकरीला विटाळ नाही. तिच्या पट्ट्या केल्या आणि इतर जातींचं मूल शिकायला बसलं की गळ्याला गुंडाळायला सुरुवात केली. दोन पदरी. धुऊन धुऊन ती लोकर आटली होती, चामड्यासारखी झाली होती.

मास्तरणींना मी हे कारण सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, घसा सांभाळायचा असतो, दिवसभर बोलून घसा बसतो. आपल्या ब्राह्मणांच्या मुलांच्या वेळी मात्र पट्टी काढायची, कारण “ती हळू शिकतात, त्यांना जवळून लागतं”. असं मी बोलले. ती हळू शिकत नव्हती, हे मला ठाऊक होतं. बायकांनी ऐकलं. कुणाला खरं कारण कळलं असेल, कुणाला नसेल. त्यांनाही ते सोयीचंच होतं, पण शिकवलं मी.

आणि मग काय झालं — आमची मुलं बोलायला लागली. वेडंवाकडं, पण आई, पाणी, ताक. पट्टीपलीकडची मुलं कापूस तेवढा उडवीत. हवा येई, आवाज येईना. मी मास्तरणींना म्हणायची, “यांच्या घरात अक्षर नाही, डोक्यात कुठून येणार?” त्याही तसंच म्हणायला लागल्या. एक तर मुलाला पाटावर बसवतानाच म्हणे, हा काही बोलायचा नाही. मी तिला हटकलं नाही. तो धडा माझाच होता.

तुम्ही विचाराल, तुमच्या ध्यानात आलं नाही? लोकरीतून थरथर कळत नाही, हे कळायला किती अक्कल लागते? मीही विचारलं आहे स्वतःला. चैत्रापर्यंत खरंच ध्यानात आलं नव्हतं असं मी आजवर समजत आले. आता तेही नक्की सांगवत नाही.

त्या चैत्रात उकाडा फार होता. द्वारका नावाची एक मास्तरीण होती. नवऱ्यानं टाकलेली, तोंडाची फटकळ. मी रागवायची आणि मनातून मला ती आवडायची. ती सकाळीच गळा उघडा टाकून माझ्यासमोर आली. मान लालभडक, घामोळ्यांनी भरलेली.

“बघा काकू. पुरीसारखी फुगलीय. या दिवसांत कोंबडीसुद्धा पिसं झाडते, आणि तुम्ही आम्हांला लोकर गुंडाळता.”

“घसा बसेल.”

“बसू दे. उभा राहून तरी काय दिवे लावतोय?”

मी म्हटलं, दोन दिवस पट्टी नको बांधूस. घामोळं बघून म्हटलं, दुसरं काही नाही.

तिच्याकडे गोमी होती. खाडीपलीकडची आगऱ्याची मुलगी, आईबाप मिठागरात. आठ-नऊ वर्षांची असेल. केस नेहमी तोंडावर. कापूस उडवण्यात पटाईत, उडाला की स्वतःच टाळ्या पिटायची. दुसरं वर्ष चाललं होतं तिचं आणि तोंडातून शब्द नव्हता.

दुपारी द्वारका ओटीवरून पळत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. गोमीचं मनगट हातात. “काकू, ऐका!” तिनं पोरीचा हात आपल्या त्या सोललेल्या मानेवर ठेवला आणि म्हणाली, “आ.” गोमीनं दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. डोळे मोठे केले. आणि आवाज आला. मोठा, जाडा, रेड्यासारखा — पण आवाज. मग द्वारकेनं ओठ ताणून दाखवले, आणि पोरगी म्हणाली, “आ-ई.”

माझ्या हातात पळी होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं. गोमीचं तर कळलंच, तिच्या आधीच्या सगळ्यांचंही. जी मुलं आम्ही बुद्धी नाही म्हणून घरी पाठवली होती ती एकेक दिसली मला.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “द्वारके, आंघोळ कर. पट्टी बांध.”

ती हसली. थट्टा वाटली तिला. “अहो काकू, पोर बोलली!”

“ऐकलं मी. पट्टी बांध. आणि हे बाहेर बोलायचं नाही.”

मग तिचं हसू गेलं. “म्हणजे घशासाठी नव्हती पट्टी,” असं ती म्हणाली. मी पळी घेऊन चुलीकडे वळले.

मी स्वतःशी कारणं जुळवली. शिवाशीव उघडी पडली तर ब्राह्मण आपली मुलं काढून नेतील, शाळा बुडेल. हे खरं होतं. पण मी गप्प राहिले ते त्यासाठी नाही. पट्टी काढली आणि मुलं बोलायला लागली, तर आधी का बोलली नाहीत असं कुणीतरी विचारणार होतं. मास्तरणींना शिकवणारी मी, मीच वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं असं होणार होतं. त्या बायकांच्या चुका काढायला मला तोंड राहिलं नसतं. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गोमीला द्वारकेकडून काढून माझ्या पाटासमोर बसवलं. पट्टी बांधून.

ती माझ्या गळ्यावर हात ठेवी आणि वाट बघे. काही लागत नसे. मग हात काढून पुन्हा ठेवी, जरा वर, जरा खाली, हरवलेलं चाचपावं तशी. तो आवाज हळूहळू गेला. पावसाळा संपेतो ती पुन्हा नुसता कापूस उडवायला लागली. टाळ्या मात्र पिटेनाशी झाली.

दसऱ्यानंतर शेटजींचे कारभारी, भाऊसाहेब, परीक्षेला आले. दोन वर्षांत जे मूल एक शब्द बोलत नसे त्याची जागा दुसऱ्याला जाई. गोमीची पाळी आली. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, “आ.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं काय केलं — पट्टीच्या कडेत बोटं खुपसली आणि ती ओढायला लागली. आत हात घालायचा होता तिला. खाली काय आहे ते तिला माहीत होतं.

मी तिच्या हातावर फाडकन मारलं. सगळ्यांदेखत.

“हट्टी आहे,” मी भाऊसाहेबांना म्हटलं. “बुद्धी नाही.”

द्वारका भिंतीशी उभी होती. भाऊसाहेबांनी मास्तरणींकडे बघून विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का? ती बोलली नाही. तिचं पोट त्या नोकरीवर होतं आणि नोकरी माझ्या शब्दावर. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुढच्या मुलाला हाक मारली.

नंतर पट्ट्या गेल्या. मी काढल्या असं म्हणायला फार आवडलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात द्वारकेनं न विचारता काढली, तिचं बघून दुसरीनं, मग तिसरीनं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि शेवटी एक दिवस माझीही घातली नाही. मुलं बोलायला लागली. कल्याणच्या बायका आल्या त्यांना मी सांगितलं, तळवा उघड्या गळ्यावरच ठेवायचा, मध्ये कापड नको. त्यांतली एक म्हणाली, “काकू, किती बारीक विचार केलाय तुम्ही.” मी तेही ऐकून घेतलं. द्वारका तिथेच बसली होती. ती माझ्याशी कामापुरतं बोले. थट्टा तिनं माझी पुन्हा कधी केली नाही.

इथे थांबले तर बरं दिसेल. पण जे सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी गोमीची आई तिला न्यायला आली. होडीतून उतरून तशीच आलेली, पिंढऱ्यांवर मिठाचे पांढरे डाग. ओटीवर चढेना, अंगणातच उभी. रागावली नाही, भांडली नाही. पोरीचं गाठोडं काखेत घेतलं आणि जाता जाता वळून म्हणाली, “बाय, येक इचारू? हिनं हितं मना कवा हाक मारलीन का गो?”

आई म्हणून कधी हाक मारली का, असं विचारत होती ती. एकदा तरी. शाळेत परत घ्या म्हणत नव्हती, माझ्याकडून तिला काही नको होतं. हो म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? कदाचित तिनं पुढे विचारलं असतं, कशी, केव्हा, मग आता का नाही. कदाचित काहीच विचारलं नसतं.

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही.”

तिनं मान हलवली, जणू तिला ते ठाऊकच होतं. गोमी मध्ये उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. ओठ बघून शब्द ओळखायला आम्ही मुलांना शिकवत असू, आणि त्यात ती हुशार होती. ‘नाही’ तर पहिल्या महिन्यातच येतं सगळ्यांना. तिनं आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग मिटलं.

घरी गेल्यावर कधी म्हणाली असेल का? मला माहीत नाही. खाडीपलीकडचं गाव आमच्या मागच्या अंगणातून दिसे. मी गेले नाही.

त्या दोघी वळणापलीकडे गेल्यावर मी दार लोटलं, हात धुतले आणि दुपारच्या मुलांना पाटावर बसवलं.