शहागडच्या बोटीवरच्या दोन खोट्या नोंदी

आमची डिटॅचमेंट, म्हणजे तिघांची लष्करी तुकडी, शहागडला पोचली तेव्हा एकाहत्तरची लढाई संपून दोन वर्षं होत आली होती. हा भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. गोदावरीला पूर आला होता आणि नदीकाठच्या वस्त्यांचे रस्ते पाण्याखाली गेले होते. तिथे रेशन पोचवायचं आणि आजारी माणसं बाहेर काढायची, एवढं काम होतं. काठावर काळ्या मातीचा गुडघाभर चिखल होता, तंबू उभा राहीना. म्हणून आम्ही तिघे बोटीवरच राहिलो.

बोट लोखंडी, तीस फुटांची, डिझेल इंजिनाची. कमांडर हवालदार सुर्वे, रत्नागिरीकडचे. दोर आणि नांगर लान्स नायक किसन हिवाळेकडे, तो राजूरचा. इंजिन माझ्याकडे. मी हसनाबादचा. मला पोहता येत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहाटे पाच वाजता उठायचो. आधी काठीने दोर झोडपायचा, कारण पुरात वाहून आलेले साप दोरावरून बोटीत चढत. मग तळातलं पाणी डब्याने उपसायचं. डिझेल फडक्यातून गाळायचं. नदीचं पाणी तुरटी फिरवून निवळायचं, उकळायचं. स्टोव्ह तारेने बांधून ठेवलेला असे, तरी डाळ सांडायचीच. ओले मोजे इंजिनाच्या झाकणावर वाळत.

सुर्वे उस्ताद आम्हा दोघांना चिडवत. "तुमच्याकडे पाणी बघायचं तर विहिरीत डोकं घालावं लागतं रे!"

हिवाळे म्हणायचा, "उस्ताद, तुमच्याकडं समिंदर हाय, पन प्येता येत न्हाई त्याचं काय?"

सगळ्यात महत्त्वाचं काम पाण्याची पातळी बघण्याचं. बोटीच्या नाकाचा दोर काठावरच्या लोखंडी पिकेटला, म्हणजे खुंटाला, बांधलेला होता. पाणी चढलं की दोर तेवढा सैल करायचा. नाही केला तर बोट वर उचलली जाते, दोर नाक खाली धरून ठेवतो आणि पाणी आत शिरतं. पातळीची पट्टी काठाच्या आडोशाला रोवली होती. बोटीवरून ती दिसत नव्हती. एका अरुंद फळीवरून पलीकडे जावं लागे. दर अर्ध्या तासाला जायचं, पट्टी वाचायची, लॉगबुकात लिहायची. पाणी होतं तेवढंच असेल तर हिवाळे ओरडायचा, "बराबर!" पुढे लॉगबुकातही आम्ही तोच शब्द लिहू लागलो.

चौथ्या दिवशी मी फळीवरून पडलो. हिवाळेने कॉलर धरून वर ओढलं. उस्ताद तेव्हा वस्तीत गेले होते.

"पवता येत न्हाई तुला?"

"न्हाई."

"घरची विहीर असून?"

"कधी उतरलोच न्हाई. भ्या वाटायचं."

तो हसला. "आमाला गावच्या विहिरीत उतरू देत न्हवते. खदानीच्या पाण्यात शिकलो मी. मंग, उस्तादला सांगतो का?"

"नको. परत पाठवतील. कंपनीत हसतील सगळे."

"बरं. न्हाई सांगत."

त्यानंतर माझ्या पाळीतही बरेचदा तोच पट्टी बघून यायचा. मी नोंद करायचो. त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी बाराला हिवाळेने दोर नव्याने बांधला. नियमाप्रमाणे ढिलावा ठेवला. मी बघत होतो. तो रात्रभर जागा होता, म्हणून जेवून आत झोपला. माझी पाळी १४०० ते १६००, म्हणजे दुपारी दोन ते चार. १४३० ला मी बसून, सरकत सरकत फळी ओलांडली आणि पट्टी वाचली. १५०० ला फळी थरथरत होती. खालून झाडाचे ओंडके जात होते. मी फळीवर एक पाय ठेवला आणि मागे घेतला. हिवाळेला उठवायची लाज वाटली. लॉगबुकात लिहिलं: बराबर.

१५३० ला फळीपर्यंतही गेलो नाही, तरी तोच शब्द लिहिला.

सुर्वे वायरलेसवर होते. "जाधव, पाणी?"

"बराबर, उस्ताद."

त्यांनी कंपनीला कळवलं, "पाणी स्थिर. ओव्हर."

१५५० ला नाक खाली गेलं. पाणी कठड्यावरून आत आलं आणि घोट्याला लागलं. दोर तारेसारखा ताणला होता. गाठ सुटणं शक्य नव्हतं.

"दोर काट!" सुर्वे ओरडले.

नाकाकडे सगळ्यात जवळ मी होतो. कुऱ्हाड माझ्या हाताशी होती. मी इंजिनाचा दांडा धरून उभा राहिलो. हिवाळे झोपेतून उठून आला, माझ्याजवळची कुऱ्हाड उचलली आणि पुढे गेला. जाताना म्हणाला, "घट धर." दोन घाव घातले. दोर तुटला, नाक एकदम वर उसळलं आणि तो पुढच्या बाजूला पाण्यात पडला. बोट त्याच्यावरून गेली.

तिसऱ्या दिवशी तो सापडला.

चौकशीत कंपनीच्या साहेबांनी लॉगबुक उघडलं. "जाधव, एंट्री तुझी?"

"येस सर."

"पट्टी बघितली होती?"

"येस सर."

निष्कर्ष असा निघाला की, पाणी शेवटच्या वीस मिनिटांत अचानक चढलं आणि दोर आखूड बांधलेला होता. चूक दोर बांधणाऱ्याची. उस्तादांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

मी पेन्शन घेऊन गावी आलो. राजूर हसनाबादहून लांब नाही. तिथल्या गणपतीला गावातले लोक जात, मी जात नसे. पुढे कळलं की राजूरच्या शाळेच्या भिंतीवर कामी आलेल्या जवानांची नावं लिहिली, त्यात हिवाळेचं नाव नाही. आपल्याच चुकीनं मेला, असं कुणीतरी म्हणालं होतं.

गेल्या महिन्यात त्याच्या धाकट्या भावाकडे गेलो. ते निवृत्त शिक्षक आहेत. सगळं सांगितलं. चहा तसाच राहिला.

ते म्हणाले, "आई वारली, तेव्हापर्यंत विचारत होती. माझ्या किसनाला गाठ बांधता येत न्हवती का म्हणून."

ते उठले, वही-पेन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"मला सांगून काय फायदा, जाधव? लिहून द्या. सही करा. शाळेत सगळ्यांसमोर वाचू. आन् वाचायचं तुम्हीच."

म्हणून हे लिहिलं आहे.

लान्स नायक किसन हिवाळे, राजूर. वय चोवीस. त्याने बांधलेला दोर नियमाप्रमाणे होता. १५०० आणि १५३० च्या नोंदी खोट्या आहेत, त्या मी केल्या. दोर कापायला मी जवळ होतो, गेला तो. बोटीवर दोन माणसं वाचली. त्यातला एक मी.