म्हसोबाच्या बांधावरचा मालक

ती घटना आठवली की मला आजही हसू येतं. मी तेव्हा भोर संस्थानात फौजदार होतो. बाजारच्या दिवशी वरव्याची एक शेतकरीण ठाण्यात आली. भाजीची पाटी दारात उतरवून थेट माझ्यापुढं उभी राहिली.

"सायेब, आमच्या शेजारचं म्हाताऱ्याचं रान इकायला कुनी मालक आलाय. म्या तर त्याला कदी बगितला न्हाई."

"वारस असेल," मी म्हणालो.

"बांधावर म्हसोबा हाय. घेनाऱ्यानं पायतान काढलं, अन ह्यो मालक वहाना घालून तसाच फुडं गेला. असला मालक असतोय व्हय?"

हवालदार हसला. मला मात्र बाईचं म्हणणं पटलं.

घेणारा भोरातला मुसलमान मणियार. गावोगाव बांगड्या भरून नवरा-बायकोनं पै पै जोडली होती. रस्त्याकडेला स्वतःचं दुकान, एवढीच दोघांची हौस. इसार देऊन झाला होता. खरेदीखत दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. ते झालं असतं तर जन्माची कमाई बुडाली असती.

हा सौदा जुळवणारा दलाल आणि तो मालक, दोघांना मी ठाण्यात बोलावलं. दलाल बोलण्यात वस्ताद. "सायेब, म्या मालकाला इसार देऊन रान बांधून ठेवलं अन आता नफ्यानं फुडं देतोय, ह्यात गुन्हा कसला?" गुन्हा नव्हताच, पण मालक खरा हवा. मालकानं तर चतुःसीमा घडाघडा म्हणून दाखवल्या. मग मी सगळ्यांना रानातच नेलं.

"म्हसोबावर हात ठेव आणि म्हण, हे रान माझं."

त्यानं शेंदराकडं बघितलं आणि हात जोडले. "सायेब, म्या तमाशातला सोंगाड्या. फडात राजा झालो, पाटील झालो. पन हितं न्हाई जमायचं."

दलाल आणि सोंगाड्या दोघांना अटक केली आणि इसार मणियाराच्या हातात परत पडला.

रानाचा खरा मालक, तो म्हातारा, पानशेतकडं लेकीजवळ राहत होता. त्याला बोलावून सगळी हकिकत सांगितली. त्यानं मणियाराला विचारलं, "आमच्या देवापुढं तुमी पायतान का काढलं?"

"काका, आमी दारोदार फिरनारी मानसं. ज्याचं दार, त्याची रीत."

"मग रस्त्याकडचा तुकडा तुमालाच. भाव बसून ठरवू."

मणियाराच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

पहिल्यांदाच जमीन घेणाऱ्याला मी सांगतो, कागद वकिलाला दाखवाच, पण त्याआधी बांधाच्या शेजाऱ्याशी बोला. दलाल सौदा ओळखतो, शेजारी माणूस ओळखतो.

दुकान उघडलं त्या दिवशी पहिला मान त्या शेतकरणीचा. मणियाराच्या बायकोनं तिचे हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरले. दोन्ही हात पुढं धरून शेतकरीण मला म्हणाली, "सायेब, आता खुरपं कुनाच्या हातानं धरू?"