व्हाइसचा नवा नट

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. घोडेगावला रस्त्याकडेला आमचं फिटरकामाचं दुकान होतं. कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावायची, पाण्याच्या मोटारीचे भाग जुळवायचे. हातोडी आमच्या ह्यांची, कानस आणि झाडू माझा. दांडा फिरवून जबड्यांत काम घट्ट पकडणारा, टेबलाला बोल्टांनी आवळलेला जुना व्हाइस मात्र दोघांचा.

एका वर्षी व्हाइसमध्ये धरलेलं काम सुटायला लागलं. घासता घासता पातं फिरायचं. हे चिडायचे. "आतला नट झिजलाय," म्हणायचे. एरवी व्हाइस आम्ही खंडेनवमीलाच उघडायचो. धुऊन-पुसून त्याला हळदकुंकू लागायचं आणि दसऱ्यापर्यंत कुणी दांड्याला हात लावायचं नाही. त्या वेळी भर उन्हाळ्यातच उघडला. दांडा उलटा फिरवून स्क्रू बाहेर काढला, तर ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस बसून नुसता चिखल झालेला. दरवर्षी जुन्यावरच नवं ग्रीस थापायची हौस माझी, त्याबद्दल बोलणी खाल्ली. रॉकेलने सगळं धुतलं, जबड्यांचे दाते तारेच्या ब्रशने मोकळे केले. स्क्रूचे आणि नटाचे आटे शाबूत होते. तरी ह्यांनी नगरहून नवा नट करून आणला आणि बसवला. काम पुन्हा सुटलंच.

बाजाराच्या दिवशी हे चहाला गेले असताना एक शेतकरी घाईघाईने पातं घेऊन आला. एरवी व्हाइस हेच आवळायचे; त्या दिवशी मी आवळला आणि कानस चालवली. पातं तसूभर हललं नाही. व्हाइसला काही झालेलं नव्हतं. बिघाड ह्यांच्या हातात होता.

सांगायला हवं होतं. पण ज्याच्या मनगटाचं बाजारभर नाव, त्याला बायकोने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग मी शहाणपणा केला. ह्यांनी काम धरलं की दांडा पुसायच्या निमित्ताने जायचे आणि गुपचूप पाव फेरा आवळायचे. तीन महिने एकही काम सुटलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मूर्ख बाई!

मग एका सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप पडला. बोटं वळेचनात. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं. मानेत शीर दबली आहे म्हणाले, आधी यायला हवं होतं, आता हातात पहिली ताकद येणं कठीण.

परतताना एसटीत मी रडत रडत सगळं कबूल केलं.

"नवा नट बसवला तवाच मला कळलं हुतं, हातच गेलाय," हे म्हणाले. "तुला सांगायची लाज वाटली. गुपचूप डॉक्टरकडं जायचं ठरवलंबी हुतं. पन मग काम सुटायचं थांबलं. मला वाटलं, हात बरा झाला."